परका मासा खाऊन प्रवाळ वाचतात का?



मागे एका शुक्रवारी दुपारी, इथे सिंगापूरला मुलीच्या घरी, मी शब्बाथच्या स्वयंपाकाला लागले होते. नारळाचं दूध काढून झालं होतं, हिरवं वाटण तयार होतं, आणि फोन वाजला. अश्दोदहून माझी मावसबहीण. तिकडे तेव्हा सकाळ होती.

"ताई, ह्यांनी पहाटे गळाला मोठा मासा धरून आणलाय. असा मासा आम्ही कधी बघितला नाही. शेजारी म्हणतात परका आहे, लाल समुद्रातून आलाय. तू तो मेसेज पाठवला होतास ना, परका मासा खा आणि प्रवाळ वाचवा? म्हणून ह्यांचं म्हणणं, आज ह्याचंच कालवण कर. फोटो पाठवलाय, बघ जरा."

फोटो उघडला आणि माझे हात थंड पडले. लांबट, चंदेरी मासा. पाठीवर काळपट ठिपके. तोंडात पोपटाच्या चोचीसारखे दात.

मी विचारलं, "खवले आहेत का गं त्याला?"

"नाहीत. कातडी गुळगुळीत आहे."

"मग मला फोन कशाला करायचा? आईने काय शिकवलं आपल्याला?"

"अगं मी तेच म्हटलं, पण हे म्हणाले मेसेजमध्ये लिहिलंय..."

"फेकून दे. कचऱ्याच्या पिशवीत बांधून टाक. मांजराला सुद्धा देऊ नकोस. आणि हात, सुरी, पाट सगळं धुऊन काढ."

तो मासा फुगामाशाच्या जातीचा होता. त्यात असं विष असतं की माणूस शुद्धीवर असतानाच त्याचा श्वास बंद पडू शकतो. आणि तो मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवणारी कोण, तर मी. चाळीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई. वाचला, चांगला वाटला, अंगठा दाबला आणि पुढे ढकलला. त्या दिवसापासून मनाला टोचणी लागली आहे. म्हणून आज हा लेख. मेसेजमध्ये जे चार शब्दांत होतं, ते नीट उलगडून सांगते. त्यात खरं किती, अर्धवट किती आणि धोक्याचं काय, हे आपण सगळ्यांनी समजून घेऊ या.

प्रवाळ म्हणजे काय

आपल्या आजीच्या गळ्यात पोवळ्याची माळ असायची, तेच पोवळं म्हणजे प्रवाळ. पण पुष्कळांना वाटतं तसा तो दगड नाही, झाडही नाही. ते लहान लहान जीव आहेत. तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे, हजारोंनी एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या अंगाभोवती चुन्याचं घर बांधतात. एक पिढी जाते, तिच्या घरावर दुसरी पिढी घर बांधते. अशी शेकडो वर्षं गेली की समुद्रात प्रवाळाचे खडक उभे राहतात. त्यांनाच आता सगळे कोरल रीफ म्हणतात. या खडकांच्या कपारीत माशांची पिल्लं वाढतात, आणि त्याच खडकांवर लाटा फुटल्यामुळे किनाऱ्याचं रक्षण होतं.

सिंगापूर म्हटलं की उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. पण इथल्या दक्षिणेकडच्या बेटांभोवती प्रवाळ आहेत, आणि जगात जेवढ्या कठीण प्रवाळांच्या जाती आहेत त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे सुमारे २५० जाती इथे सापडतात. समुद्रात भराव घालून जमीन केली त्यात बरेचसे खडक गाडले गेले. जे उरले त्यांच्यासाठी २०१४ साली सिस्टर्स आयलंड्स मरीन पार्क जाहीर झालं. २०२४ मध्ये समुद्राचं पाणी तापलं, तेव्हा जुलैमध्ये इथल्या सुमारे ४४ टक्के प्रवाळांचा रंग उडून ते पांढरे पडले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इथल्या सरकारच्या उद्यान खात्याने, ज्याला सगळे एन-पार्क्स म्हणतात, एक लाख प्रवाळ लावण्याचं काम हाती घेतलं. त्याला दहा वर्षं तरी लागतील असं त्यांनीच सांगितलं आहे.

म्हणजे प्रवाळाचा पहिला शत्रू तापलेलं पाणी, दुसरा भराव आणि गाळ. परका मासा हा काही ठिकाणचा आणखी एक शत्रू. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं समजायला सोपं जातं.

लायनफिशची गोष्ट

तो मेसेज होता लायनफिशबद्दल. आपण त्याला सिंहमासा म्हणू. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आणि पंख्यासारखे पसरलेले पर. इथल्या मत्स्यालयात माझ्या नातीने मला काचेला नाक लावून तो दाखवला होता. "आजी, बघ, साडी नेसलाय!" असं तिचं म्हणणं. दिसायला खरंच देखणा.

हा मासा मूळचा आपल्या बाजूचा. हिंदी महासागर, लाल समुद्र आणि प्रशांत महासागर हे त्याचं माहेर. सिंगापूरच्या प्रवाळांतही तो आहे, आणि इथे त्याचा कोणाला उपद्रव नाही. भक्ष्य त्याला ओळखतं, रोगजंतू त्याला ओळखतात, सगळं आपापल्या मापात असतं.

घोटाळा झाला अमेरिकेत. लोकांनी हौसेने घरच्या काचेच्या टाकीत सिंहमासा पाळला. तो मोठा झाला, टाकीतले बाकीचे मासे गिळू लागला, म्हणून कोणीतरी समुद्रात नेऊन सोडला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो १९८५ साली पहिल्यांदा दिसला. २००० नंतर तो झपाट्याने पसरला. बहामा बेटं, सगळा कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचं आखात, आणि पुढे ब्राझीलपर्यंत. मादी वर्षभर थोड्या थोड्या दिवसांनी अंडी घालते. वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी होतात. आणि तिकडच्या लहान माशांना कळतच नाही की हा पंखा पसरून जवळ येणारा प्राणी आपल्याला खाणार आहे. ते पळत नाहीत.

बहामात शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लहान लहान प्रवाळ खडक निवडले. काहींवर एकेकच सिंहमासा ठेवला, काहींवर एकही नाही. पाच आठवड्यांनी मोजलं, तर सिंहमासा असलेल्या खडकांवर नव्याने येणाऱ्या माशांच्या पिल्लांची भर ७९ टक्क्यांनी कमी झाली होती. एका माशाने एवढं केलं. हा निष्कर्ष २००८ साली छापून आला.

आता तुम्ही विचाराल, पिल्लं खाल्ली तर प्रवाळाचं काय बिघडलं? त्याचं उत्तर आपल्या ओट्यासारखं आहे. ओटा रोज पुसला नाही तर त्यावर चिकट थर बसतो. प्रवाळावर समुद्रशेवाळ वाढतं आणि पोपटमाशासारखे शाकाहारी मासे ते रोज खरवडून खातात. तेच प्रवाळाचे सफाई कामगार. त्यांची पिल्लं सिंहमाशाच्या पोटात गेली तर शेवाळ माजतं, उजेड अडतो, नव्या प्रवाळाला बसायला जागा राहत नाही. कॅरिबियनमध्ये तर शेवाळ खाणारे काळे समुद्री साळू १९८३-८४ च्या साथीत आधीच मरून गेले होते. त्यात हा नवा पाहुणा आला.

खाल्ल्याने फरक पडतो का

पडतो, पण मेसेजमध्ये लिहिलं होतं तेवढ्या सहज नाही.

सिंहमासा गळाला सहसा लागत नाही. पाणबुड्यांना खाली जाऊन एकेक मासा भाल्याने टिपावा लागतो. फ्लोरिडात आणि बहामात २००९ पासून त्याच्या शिकारीच्या स्पर्धा भरतात. २०१० साली अमेरिकी सरकारच्या समुद्र खात्याने 'सिंहमासा खा' अशी मोहीमच काढली, त्याच वर्षी त्याच्या पाककृतींचं पुस्तक आलं, आणि २०१६ पासून तो फ्लोरिडातल्या होल फूड्सच्या दुकानांत मिळू लागला. मांस पांढरं, मऊ, आपल्या हेकरूसारखं लागतं असं खाल्लेले लोक सांगतात. बेलीझ देशात बायका त्याच्या परांचे दागिने करून विकतात.

बहामात आणखी एक गोष्ट मोजली गेली. ज्या खडकांवरचे सिंहमासे पुन्हा पुन्हा मारून एका मर्यादेखाली ठेवले, तिथल्या स्थानिक लहान माशांचं वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे सगळे संपवावे लागत नाहीत, कमी करून कमीच ठेवावे लागतात. हे मला आमच्या धंद्यातल्या मधुमेहासारखं वाटलं. बरा होत नाही, पण रोज लक्ष दिलं तर आटोक्यात राहतो. एक दिवस गोड खाल्लं नाही म्हणून कोणी बरा होत नाही.

पण अडचणी दोन. पहिली, हा मासा तीनशे मीटर खोलवरही राहतो. पाणबुडे साधारण चाळीस मीटरपर्यंत जातात. खालचे सुरक्षित, आणि त्यांची अंडी वर येतच राहतात.

दुसरी अडचण बाजाराची, आणि ती आपल्याला घरच्याच उदाहरणावरून कळेल. चिलापी मासा आठवतो का? तिलापिया. आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ साली आणला. आज उजनी धरणातून निघतो, पुण्या-सोलापूरकडे सगळीकडे विकला जातो, लोक आवडीने खातात. इतकी वर्षं खाऊन चिलापी संपली का? उलट वाढली. एखाद्या माशाला गिऱ्हाईक मिळालं की त्याच्यावर पोट भरणारे तयार होतात, आणि मग तो संपावा असं कोणालाच वाटत नाही. कोणी मुद्दाम दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो. म्हणून जाणकार सांगतात, परका मासा जिथे पसरला आहे तिथलाच पकडलेला खावा. त्याची शेती करू नये आणि जिवंत इकडून तिकडे नेऊ नये.

एकच देश, दोन समुद्र

आता आपल्या नातेवाइकांच्या अंगणात येऊ. आपल्यापैकी बहुतेकांचं कोणी ना कोणी इस्राएलमध्ये आहे, अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद, कुठेतरी. तिथे ही गोष्ट फारच स्पष्ट दिसते.

इस्राएलच्या दक्षिण टोकाला एलात. तिथला समुद्र लाल समुद्राचा फाटा. तिथे प्रवाळ आहेत, आणि तिथला सिंहमासा हा तिथलाच रहिवासी. त्याला तिथे मारून प्रवाळाचं काहीच भलं होत नाही. पण एलातहून गाडीत बसून अश्दोदला किंवा हैफाला या. समुद्र बदलला, भूमध्य समुद्र आला. इथे तोच सिंहमासा परका.

तो आला कसा? सुएझ कालव्यातून. १८६९ साली कालवा खुला झाला आणि लाल समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला. पनामाच्या कालव्यात पाणी अडवणारे दरवाजे आहेत, तसे सुएझला नाहीत. त्या वाटेने आजवर शेकडो जातींचे जीव भूमध्य समुद्रात शिरले. सिंहमासा इस्राएलच्या किनाऱ्यावर १९९१ साली एकदा सापडला, नंतर बरीच वर्षं शांतता, आणि २०१२ नंतर लेबनॉन, सायप्रस, तुर्कस्तान असा पसरत गेला. पाणी तापत चाललंय, त्यामुळे उष्ण समुद्रातल्या माशांना ते मानवतं. सायप्रसने २०१७ पासून युरोपच्या मदतीने पाणबुडे तयार करून तो काढायला सुरुवात केली, आणि तिथल्या खानावळींतही तो मिळतो.

त्याच वाटेने आलेला दुसरा मासा म्हणजे ससामासा. इंग्रजीत रॅबिटफिश. सिंगापूरचे चिनी लोक त्यांच्या नव्या वर्षाला त्याची एक जात गाबोळीसकट खातात, समृद्धी येते म्हणून. त्या आठवड्यात त्याचा भाव आकाशाला भिडतो, एरवी स्वस्त असतो. इथल्या प्रवाळांत तो शेवाळ खाणारा कामाचा मासा. भूमध्य समुद्रात मात्र त्याच्या भाऊबंदांनी खडकांवरची समुद्री वनस्पती खाऊन खाऊन खडक उघडे पाडले. खाण्याची सवय तीच, मासा तोच. एका घरी त्याने ओटा पुसला, दुसऱ्या घरी परसातली भाजी ओरबाडली.

म्हणून मेसेजमध्ये जे वाक्य राहून गेलं होतं ते हे: मासा परका आहे की नाही हे त्याच्या नावावरून ठरत नाही, तो कुठे पकडला त्यावरून ठरतं. सिंगापूरला बसून कोणी "प्रवाळ वाचवायला लायनफिश खा" म्हणेल तर ते चूक. अश्दोदला नुसतं "लायनफिश खा" म्हणेल तर बरोबर, पण त्यासाठी आधी मासा ओळखता आला पाहिजे.

काटा टोचला तर

सिंहमाशाच्या परांत विषारी काटे असतात. पाठीवर १३, पोटाखाली २, शेपटीजवळ ३, एकूण १८. विष काट्यात असतं, मांसात नाही. जाड हातमोजे घालून कात्रीने काटे छाटले की मासा इतर माशांसारखाच साफ करता येतो, आणि नीट शिजवल्यावर हे विष निष्प्रभ होतं. ससामाशालाही असे टोचणारे काटे असतात, तेव्हा तोही सांभाळून साफ करावा.

याबाबत माझी एक चूक सांगते. मुंबईला एका इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत मी तेव्हा नवीन होते. रात्री एका कोळणीला आणलं, हाताला पाखटाचा काटा लागला होता. ती वेदनेने तळमळत होती. आम्ही काय केलं? हात सुजला म्हणून बर्फ लावला. तिचं ओरडणं वाढलं. तिच्याबरोबर आलेली म्हातारी सासू मला म्हणाली, "बाय, बरफ नको गो. गरम पानी दे." मी ऐकलं नाही. शेवटी डॉक्टरांनी गरम पाणी आणायला सांगितलं, आणि हात बुडवल्यावर थोड्या वेळाने ती बाई पहिल्यांदा शांत झाली. डिप्लोमाच्या परीक्षेत मला चांगले मार्क होते, पण ही गोष्ट त्या म्हातारीला माहीत होती, मला नव्हती.

कारण असं की पाखट, सिंहमासा, ससामासा यांच्या काट्यांतलं विष उष्णतेने मोडतं. बर्फाने मोडत नाही. तेव्हा काटा टोचला तर:

वर दिसणारा काटा काढून जखम धुवावी. टोचलेला भाग सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावा. पाणी ४५ अंशांपेक्षा गरम नको. पाणी नेहमी न दुखणाऱ्या हाताने, किंवा दुसऱ्या माणसाने तपासावं. ज्यांना मधुमेह आहे आणि हातापायाला नीट कळत नाही, त्यांनी तर स्वतः अंदाज करूच नये. विषाला गरम पाणी दिलं आणि कातडी भाजून घेतली, असं मी पाहिलेलं आहे. घट्ट दोरी बांधू नये. आणि वेदना थांबली तरी डॉक्टरांना दाखवावं, धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

विष मांसातच असलं तर

ही वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट. माझ्या बहिणीच्या घरी आला तो चंदेरी फुगामासा भूमध्य समुद्रात २००३ च्या सुमारास पहिल्यांदा दिसला, तोही सुएझच्याच वाटेने आलेला. त्याचं विष यकृतात आणि गाबोळीत सर्वांत जास्त असतं, पण मांसातही असतं. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग उलट्या, मग हातपाय लुळे, मग श्वास. या विषावर उतारा नाही. इस्पितळात श्वासाचं यंत्र लावून विष उतरेपर्यंत माणसाला जगवावं लागतं. २००५ ते २००८ या काळात इस्राएलमध्ये हा मासा खाऊन १३ जणांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. सुदैवाने ते सगळे वाचले. त्यांनीही घरी नेऊन, मसाला लावून, हौसेनेच खाल्ला असणार.

मांसातल्या विषाचा दुसरा प्रकार म्हणजे सिग्वाटेरा. प्रवाळावरच्या शेवाळात एक सूक्ष्म जीव असतो, त्याचं विष लहान माशात जातं, लहान मासा मोठ्यात, आणि मोठ्या शिकारी माशात ते साठतं. मासा ताजा दिसतो, वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब, ओठांना मुंग्या, आणि एक विचित्र लक्षण म्हणजे थंड वस्तू हाताला चटका बसल्यासारखी लागते. नाडी मंद होऊ शकते, म्हणून हृदयाच्या रुग्णांनी जास्त जपायला हवं. आपल्याकडे मंगळुरूला २०१६ साली असा प्रकार झाला, लोकांनी मोठ्या तांबड्या माशांची डोकी खाल्ली होती. कॅरिबियनमध्ये जिथे हे विष आढळतं, तिथल्या सिंहमाशाबद्दलही अमेरिकी सरकारने सावधगिरीचा इशारा दिलेला आहे.

वरच्यापैकी कुठलंही लक्षण मासे खाल्ल्यावर दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. इस्राएलमध्ये १०१, सिंगापूरला ९९५, महाराष्ट्रात १०८. उरलेला मासा फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना ओळखायला मदत होते.

खवले आणि पर

आपल्याला लहानपणापासून एकच गोष्ट सांगितली, पर आणि खवले दोन्ही असतील तोच मासा काशेर. कोळीण दारात आली की आई टोपली उलटसुलट करून बघायची. पापलेट, रावस, बांगडा घ्यायची. शिंगाळा, वाम, मुशी, कोळंबी परत टोपलीत. कोळणीलाही माहीत असायचं, शनिवार तेल्यांच्या घरी काय चालतं आणि काय नाही.

हा नियम पाळला असता तर फुगामासा घरात आलाच नसता. भूमध्य समुद्रात शिरलेला पट्टेवाला विषारी शिंगाळाही आला नसता, कारण त्यालाही खवले नाहीत. पण मी नर्स म्हणून एक स्पष्ट सांगते, हा नियम धर्माचा आहे, औषधाचा नाही. सिग्वाटेराचे मासे चांगले खवलेवाले असतात. ससामाशाला बारीक खवले असतात आणि विषारी काटेही. सिंहमाशालाही पर आहेत आणि लहान खवले आहेत, तो ताटात घ्यावा का हे आपापल्या रब्बींना विचारावं, तो निर्णय माझा नव्हे. नियम पाळा आणि मासाही ओळखा, दोन्ही हवं.

मग सिंगापूरला बसून काय करावं

नातीने हाच प्रश्न विचारला. "आजी, मग आपण काहीच करायचं नाही?"

सिंगापूरच्या समुद्रात आलेला एक परका म्हणजे अमेरिकेतला शिंपला, रत्नागिरीकडे शिनाणे म्हणतात त्या प्रकारचा. तो २०१६ पासून उत्तरेकडच्या किनाऱ्यावर दिसू लागला आणि इथल्या हिरव्या शिनाण्यांची जागा घेऊ लागला. शिंपला, तेव्हा आपल्या ताटाचा प्रश्नच नाही. इथल्या तलावांत पीकॉक बास नावाचा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, चिलापी आहे. बरेचसे लोकांनी हौसेने पाळून सोडलेले. दर वर्षी वेसाकच्या सणाला काही लोक पुण्य म्हणून मासे, कासवं पाण्यात सोडतात, म्हणून एन-पार्क्सचे लोक त्या आधी समजावत फिरतात की असं करू नका. सोडलेला प्राणी एकतर मरतो, नाहीतर दुसऱ्यांना मारतो.

मी तेक्का मार्केटला जाते तेव्हा आता तीन गोष्टी बघते. पोपटमासा दिसला तरी घेत नाही, प्रवाळ पुसणारा तोच. मोठ्या मेजवानीत प्रवाळातला मोठा हेकरू किंवा कपाळावर टेंगूळ असलेला नेपोलियन मासा मागवत नाही. नेपोलियन माशाच्या व्यापारावर २००४ साली आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, इतका तो कमी झाला आहे. आणि शेतीतली चिलापी मिळाली तर खुशाल घेते. खवले आहेत, काटे कमी आहेत, माझ्या वयाला बरी. नारळाच्या दुधात हिरव्या वाटणाचं कालवण छान होतं.

आणि नातीच्या टाकीतले दोन लहान मासे मोठे झाले, तेव्हा तिने विचारलं, तलावात सोडू का? मी म्हटलं, नाही, दुकानदाराला परत देऊ. दुकानदाराने घेतले. फ्लोरिडात कोणी एवढं केलं असतं तर आज भाले घेऊन खाली जावं लागलं नसतं.

त्या रात्री शब्बाथ सुरू होण्याआधी अश्दोदहून पुन्हा फोन आला. मासा फेकला होता. ह्यांनी जरा कुरकूर केली, मग कोंबडी झाली. बहीण हसत होती, मला मात्र हसू आलं नाही. फोन केला नसता तर काय झालं असतं, हे मी नोकरीत पाहिलेलं आहे.

तेव्हा वाचकहो, हा लेख ग्रुपवर पुढे पाठवणार असाल तर अर्धा कापून पाठवू नका. आणि न ओळखीचा मासा घरी आला, तर चुलीवर ठेवण्याआधी कोणाला तरी एक फोन करा.

शब्बाथ शालोम.